बुर्गीची राहिलेली फेरी

गार्थ पिकरिंगने जुना टूथब्रश गरम पाण्यात बुडवला आणि तो परत गाडीखाली सरपटत गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोएलीनला त्याचे दोन पाय तेवढे दिसत होते. गेले नऊ दिवस नवऱ्याचा एवढाच भाग तिच्या वाट्याला आला होता.

गाडी हंबर होती, एकोणीसशे अठ्ठावन्नची, खाली गडद तांबडी आणि वर सायीच्या रंगाची. ती पुढच्या आठवड्यात न्यूझीलंडमधल्या तौरंगाच्या बंदरातून कंटेनरात बसून हॅम्बुर्गला निघणार होती. मागाहून विमानाने हे दोघं जाणार आणि मग दोन महिने युरोपभर तिच्यातून भटकणार. त्यांच्या कटिकटी गावच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातले निम्मे लोक असे जाऊन आले होते, आणि उरलेले निम्मे त्यांचे फोटो बघून बघून कंटाळले होते.

"अरे, गाडी इथून बाहेर चाललीय," नोएलीन खिडकीतून म्हणाली. "आत येत नाहीये. तिकडे कोण बघणार आहे तिचं पोट?"

"आपल्याकडची घाण आपण दुसऱ्याच्या देशात का न्यायची?" गाडीखालून आवाज आला. "तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

तत्त्वाचं हे असं होतं. गार्थने एकतीस वर्षं बंदराच्या तपासणी खात्यात काढली होती. बाहेरून येणाऱ्या गाड्या, पेट्या, तंबू, बूट, सगळ्यांत माती, बी, किडा काय सापडतं ते शोधायचं आणि सापडलं की जप्त करायचं. न्यूझीलंडमध्ये गाईंना लाळ-खुरकत कधी आलेली नाही, ती केवळ आपण जागे होतो म्हणून, अशी त्याची मनोमन खात्री होती. एका आजीबाईंच्या पर्समधलं सफरचंद आणि एका नवरदेवाच्या बुटातली वाळू या त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या शिकारी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पाहुणे आले की त्याची नजर आधी त्यांच्या तळव्यांकडे जायची. नोएलीनची बहीण तर बूट दाराशी काढत नसे, फाटकाशीच काढून मोज्यांवर आत यायची.

नोएलीनला युरोपचं वेड नव्हतं. तिला फक्त एका घरी जायचं होतं. ती अकरा वर्षांची असताना शाळेने वर्गातल्या प्रत्येक मुलीला परदेशातल्या एका मुलीचा पत्ता वाटला होता. मैत्रिणींना लंडन आलं, पॅरिस आलं, आणि हिच्या वाट्याला ऑस्ट्रियातल्या डोंगरावरची नोटबुर्गा नावाची मुलगी आली. नाव वाचून वर्ग खो खो हसला. वर्षभरात बाकी सगळ्यांची पत्रं बंद पडली. या दोघींची सत्तावन्न वर्षं चालू होती, आणि नोटबुर्गाची कधीच बुर्गी झाली होती. लग्नं, बाळंतपणं, वडिलांची आजारपणं, बुर्गीचे गेलेले गुडघे, नोएलीनचा बदललेला खुबा, सगळं त्या पत्रांतून इकडचं तिकडे गेलं होतं. भेट मात्र एकदाही झाली नव्हती.

आणि पहिल्याच पत्रात नोएलीनने एक फोटो पाठवला होता. वडिलांनी नुकतीच घेतलेली हंबर आणि तिच्या टपाला टेकून उभी असलेली ती. खाली लिहिलं होतं, 'मोठी झाले की या गाडीतून येईन आणि तुला फेरी मारून आणीन.' अकरा वर्षांच्या मुलीला मध्ये समुद्र किती आहे याचं काय देणंघेणं असणार? पण बुर्गीने तो फोटो भिंतीवर लावला, आणि पन्नासेक वर्षं दर नाताळच्या पत्रात शेवटी एकच ओळ असायची: 'गाडी कशी आहे?'

त्यामुळे गाडी पाठवायचीच, असं नोएलीन म्हणाली तेव्हा गार्थला वाटलं, बायकोला अखेर गाड्यांची आवड लागली. तिनेही त्याचा गैरसमज मोडला नाही. फक्त एक कबूल करून घेतलं.

"बुर्गीच्या दारापर्यंत गाडी न्यायची."

"नेईन की," गार्थ म्हणाला. दार म्हटलं की त्यापुढे डांबरी रस्ता असतो, एवढंच त्याला ठाऊक.

निघायच्या दिवशी त्याने बायकोचीही बॅग तपासली आणि बुर्गीसाठी केलेला फेहोआ या फळाचा मुरंबा जप्त केला. मेरिनो लोकरीची शाल दोनदा धुवून घेतली आहे असं तिने शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे ती सुटली.

हॅम्बुर्गच्या बंदरात गार्थ इस्त्रीचा शर्ट घालून गेला. सोबत फाइल होती. त्यात गाडी कुठे कुठे, कशाकशाने, किती वेळा धुतली त्याची तीन पानी यादी आणि चोवीस फोटो. काउंटरवरच्या माणसाने कागदावर शिक्का मारला आणि किल्ली पुढे सरकवली.

"एवढंच?" गार्थने विचारलं.

"अजून काय हवंय?"

"तुम्ही डिकी उघडली नाहीत."

"काही आहे का डिकीत?"

"नाही."

"मग?" तो माणूस म्हणाला आणि सँडविच खायला लागला. मेजावर, उघड्यावर, टोमॅटो घातलेलं.

गार्थने फाइल न उघडताच परत पिशवीत घातली.

त्याला खरी चिंता परतीची होती. गाडी ऑक्टोबरात तौरंगाला उतरणार, तेव्हा तिथे काउंटरवर सँडविचवाला नसेल, हुइया असेल. हुइया पराटा ही त्याच्याच हाताखाली तयार झालेली. आता ती तिथली मुख्य होती. आपल्या गाडीत हुइयाला नखभर माती जरी सापडली तर तौरंगात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, या विचाराने गार्थची झोप उडायची. मग रेडिएटरवर किडे बसू नयेत म्हणून जाळी आली. गाडी फक्त डांबरावर उभी करायची, झाडाखाली तर मुळीच नाही, असा कायदा आला. रोज मुक्कामाला पोचलं की बादली, ब्रश आणि चाकं. लोक खिडकीतून देखावे बघतात, हा रस्त्यावर शेण कुठे पडलंय ते बघत गाडी चालवायचा. नोएलीनने एकदा गाडीत चेरी खाल्ल्या, तर याने नंतर कागदावरच्या बिया मोजल्या.

"सात चेरी होत्या. बिया सहाच आहेत."

"एक गिळली."

"नक्की?"

"आता पोट कापून बघतोस का?"

असे ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या डोंगराच्या पायथ्याशी पोचले. तीन दिवस पाऊस झाला होता. गावाच्या चर्चमागे डांबर संपत होतं, आणि तिथून वर बुर्गीच्या शेतापर्यंत तीन किलोमीटर निव्वळ चिखलाची वाट. नुसता चिखल असता तरी एक वेळ, पण सकाळीच सगळ्या गावाच्या गाई त्याच वाटेने वर कुरणात गेल्या होत्या, आणि जाताना काही हातचं राखून गेल्या नव्हत्या.

गार्थने गाडी बंद केली. काच खाली केली, बाहेर बघितलं आणि काच परत वर केली.

"नाही," तो म्हणाला.

"तू कबूल केलं होतंस."

"दार म्हणाली होतीस. हा गोठा आहे, नोएलीन. हे सगळं चाकांना, चाकांवरून पोटाला, पोटावरून घरी. माझ्या हाताने मी हे नेणार नाही."

नोएलीनचा खुबा नवा होता. तीन किलोमीटर चढ चालणं शक्य नव्हतं. शेवटी बुर्गीचा मुलगा फ्लोरियान ट्रॅक्टर घेऊन खाली आला. दाढीवाला, हसरा माणूस. गार्थने आपली अडचण त्याला फोड करून सांगितली. फ्लोरियानने सगळं ऐकून घेतलं, चकचकीत हंबरकडे बघितलं, स्वतःच्या बुटांकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

ट्रॅक्टरवरून हाडं खिळखिळी करून घेत नोएलीन वर पोचली. घरासमोर बाकावर एक ठेंगणी, गोल बाई बसली होती. भर जूनमध्ये तिने जाड हिरवा कोट गळ्यापर्यंत लावला होता. डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स, कोटाच्या काजात एक निळं रानफूल. दोघींनी एकमेकींना डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. सत्तावन्न वर्षं लिहून लिहून बोलायचं राहिलं होतं कुठे?

"लिहितेस त्यापेक्षा उंच आहेस," बुर्गी म्हणाली.

मग दोघी रडल्या आणि मग स्वतःलाच हसल्या. थोड्या वेळाने बुर्गीने तिच्या खांद्यावरून वाटेकडे बघितलं.

"गाडी कुठाय?"

"खाली आहे. गार्थ ती धुतोय," ती म्हणाली. आणि हे खोटं नव्हतं, याचीच तिला जास्त लाज वाटली.

"धुवू दे. मी सकाळी सहापासून तयार होऊन बसलेय," बुर्गी म्हणाली. "आणखी थोडा वेळ बसेन."

बुर्गीला खाली नेणं शक्य नव्हतं. ट्रॅक्टरवर चढायला गुडघे लागतात, आणि तेच तिच्याकडे नव्हते. दोन वर्षं ती या अंगणाबाहेर गेली नव्हती. नोएलीन पाच मिनिटं तिच्या शेजारी बसली. मग उठली आणि फ्लोरियानला म्हणाली, "मला खाली ने."

खाली गार्थ खरंच पुढचं चाक पुसत होता. तिला उतरवून फ्लोरियान ट्रॅक्टर घेऊन आईकडे परत वर गेला.

"किल्ली दे," नोएलीन म्हणाली.

"हे बघ, नोएलीन..."

"तूच बघ. ही गाडी माझ्या बाबांची. तू तिला पॉलिश केलंस म्हणून ती देवघरातली झाली नाही. बाबांनी याच मागच्या सीटवरून वासरं नेलीत बाजारात."

गार्थचा चेहरा पांढरा पडला. "मागच्या सीटवरून?"

"तीन तीन. ती वर कोट घालून बसलीय, गार्थ. सहा वाजल्यापासून. मी अकरा वर्षांची असताना शब्द दिलाय, आणि पृथ्वीला अर्धा वळसा घालून आले, ते तीन किलोमीटर आधी थांबायला नाही. तुझा हात नको ना लागायला? माझा लागू दे. किल्ली दे."

बेचाळीस वर्षांच्या संसारात ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. गार्थने किल्ली दिली. तिला एकटीला जाऊ द्यावं की नाही याचा त्याने क्षणभर विचार केला, मग बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि डावीकडच्या सीटवर पाय वर घेऊन बसला.

नोएलीन पंधराव्या वर्षी याच गाडीवर, असल्याच चिखलात शिकली होती. तिने दुसरा गिअर टाकला आणि निघाली. गार्थ डोळे मिटून बसला होता, पण आवाज त्याचे कान ओळखत होते.

"हे शेण," तो म्हणाला. "ताजं. हे गवत, बी धरलेलं. हे परत शेण. अरे देवा, हे काय होतं?"

"कोंबडी. उडाली ती. गप्प बस."

शेवटच्या वळणावर हंबर रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नोएलीन नवऱ्याकडे बघत राहिली. गार्थने दार उघडलं, पिशवी घातलेला पाय खाली ठेवला, आणि पिशवी चिखलातच राहून पाय तेवढा वर आला. मग त्याने दुसऱ्या पिशवीवरही पाणी सोडलं. मागे जाऊन त्याने गाडीला खांदा लावला. नोएलीनने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, जरा जास्तच दाबला असं कोणी म्हणेल, आणि गाडी सुटली. मागे एकतीस वर्षांची नोकरी डोक्यापासून पायापर्यंत शेणाने माखून उभी होती.

तो चालत अंगणात पोचला तेव्हा हंबर बाकासमोर उभी होती. ती आता एकाच रंगाची होती.

"फोटोत बरी स्वच्छ होती," बुर्गी म्हणाली, आणि काठी टेकत उठली.

तेव्हा गार्थने तिचे पाय बघितले. सवयच ती. बुर्गीचे काळे बूट तळव्यापर्यंत घासूनपुसून लख्ख केलेले होते आणि दोन्ही बुटांवर पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या रबराने घट्ट बांधल्या होत्या.

"फ्लोरियानने सांगितलं, तुम्हाला गाडीत माती चालत नाही," ती म्हणाली. "कोटसुद्धा आत्ताच झटकलाय. बघता का?"

गार्थ त्या चिखलात एका गुडघ्यावर बसला आणि त्याने तिच्या बुटांवरचे रबर एकेक करून सोडवले.

"राहू द्या," तो म्हणाला. "या अशाच."

त्याने बुर्गीला हाताला धरून डाव्या सीटवर बसवलं, तिचा कोट आत घेतला, दार लावलं, आणि स्वतः मागे, वासरांच्या जागेवर जाऊन बसला. नोएलीन वरच्या कुरणापर्यंत गेली, तळ्याला वळसा घातला, शेजाऱ्यांच्या तीन घरांवरून गाडी मुद्दाम हळू नेली. बुर्गी शेजारणींना हात करत होती. पूर्ण फेरीत ती एवढंच बोलली: "सीट फोटोत दिसत नव्हत्या. छान आहेत."

गाडी खाली गावात परत आणल्यावर गार्थने आणि फ्लोरियानने दोन दिवस गाडी धुतली. सीटा काढल्या, गालिचे काढले, फटींतून नळी फिरवली. नोएलीनने त्याला अडवलं नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी, हंबर अजून समुद्रात असताना, कटिकटीला बुर्गीचं पत्र आलं. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: 'माझ्या कोटाचं फूल मी तुमच्या सीटच्या घडीत मुद्दाम खोचून ठेवलं. मी तर काही तुझ्या घरी येऊ शकत नाही, ते तरी येऊ दे. पोचलं का?'

नोएलीनने पत्र दोनदा वाचलं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. सीटच्या घड्या गार्थने टूथब्रशने साफ केल्या होत्या; तिने स्वतः बघितलं होतं. ते फूल तिकडेच कुठल्या तरी बादलीत गेलं असणार. नवऱ्याला विचारून तरी काय होणार होतं? त्याला वाईट वाटलं असतं, किंवा वाटलं नसतं, आणि दुसरं तिला सोसलं नसतं. बुर्गीला काय लिहावं हे न सुचून ते पत्र तीन आठवडे उत्तरावाचून पडलं. असं आधी कधी झालं नव्हतं.

गाडी उतरली त्या दिवशी गार्थ बंदरावर निघाला तशी तीही निघाली. शेडमध्ये हंबर चारही चाकांनी वर उचलून ठेवली होती आणि हुइया खालून टॉर्च मारत होती.

"या, बॉस," ती म्हणाली. "काकू, तुम्हीही आलात? बरं झालं. तुम्ही असल्याशिवाय माझं कामच पुरं होत नव्हतं."

"म्हणजे?"

हुइयाने फॉर्म काढला. "मी बॉसच्या हाताखाली नऊ वर्षं होते. लोकांना फॉर्म भरताना हे काय सांगायचे माहितेय? खरं लिहा आणि थोडक्यात लिहा. आता हे ऐका. प्रश्न आहे, गाडी शेतावर किंवा गुरांजवळ गेली होती का? उत्तर, हो. तपशील." तिने पान उलटलं. "तीन किलोमीटर वर, तीन खाली. शिवाय नोटबुर्गाबाईंची एक फेरी, कुरण आणि तळं धरून. गाय प्रत्यक्ष भेटली, अकरा. कोंबडी, एक, उडाली. गाडी मी स्वतः ढकलली. एकोणीसशे साठच्या सुमारास मागच्या सीटवर वासरं होती, हे मला आता कळलं आहे, तरी नोंद घ्यावी."

गार्थ छताकडे बघत होता.

"बाकी गाडीत मला काही म्हणजे काही सापडलं नाही," हुइया म्हणाली. "पण शेवटच्या रकान्यात, सोबत आणलेली वनस्पती, इथे बॉसनी लिहिलंय, डाव्या सीटच्या घडीत एक वाळलेलं फूल. साफ करताना दिसलं. मुद्दाम ठेवलेलं वाटतं, म्हणून काढलं नाही; कागदात गुंडाळून, पाकिटात बंद करून परत तिथेच ठेवलं आहे. जप्त करावं. त्याआधी माझ्या बायकोला दाखवावं."

तिने चिमट्याने एक पारदर्शक पिशवी उचलून नोएलीनसमोर धरली. फूल आता निळं राहिलं नव्हतं. देठाला हिरव्या कोटाचा एक लोकरी धागा चिकटलेला होता.

नोएलीनने पिशवीवर बोट ठेवलं. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. तो आपल्या बुटांच्या तळव्यांची तपासणी करत होता.

"पत्रात लिहिलं असेल तिने," तो म्हणाला. "तीन आठवडे तू एप्रन धुवायला टाकला नाहीस."

"ठेवून घेता येणार नाही ना?" नोएलीनने हुइयाला विचारलं.

हुइयाने गार्थकडे बघितलं. गार्थने मान हलवली. नाही.

"नियम आहे, काकू. पण किती वेळ बघायचं याचा नियम नाहीये," हुइया म्हणाली, आणि खुर्ची ओढून दिली.

ते फूल दुपारी भट्टीत गेलं. घरी आल्यावर नोएलीनने बूट फाटकाशी काढले, टेबलाशी बसली आणि बुर्गीला पत्र लिहिलं. पहिली ओळ लिहिली: 'पोचलं. देशात घेतलं नाही, पण भेट झाली.' मग पेन बाजूला ठेवून तिने अंगणात हाक मारली, आणि गार्थ हात पुसत आत येऊन खाली सही करून गेला. सत्तावन्न वर्षांत त्या पत्रांवर त्याची सही पहिल्यांदाच पडत होती.